चित्रातल्या गावात आपण कुठे राहतो?

दोस्तांनो, शाळेतलं निसर्गचित्र आठवा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वाहती नदी, कौलारू घर, शेजारी नारळाचं झाड. मीही दर्यापुरात बसून हेच काढलं आणि शाबासकी मिळवली. आमच्या दर्यापुरात ना डोंगर, ना नारळ. आहे ती पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन, बाभळी आणि खारपाण पट्टा. इथलं भूजल इतकं खारट, की पिकालाही नको आणि माणसालाही.

काही जण म्हणतील, लेकरांच्या चित्रात राजकारण कशाला शोधता? शोधावं लागत नाही, ते आधीच तिथे आहे. गाव काढताना काय घ्यायचं आणि काय गाळायचं, याची सवय कुणीतरी लावलेली असते.

इंग्रज चित्रकार गेन्सबरोचं १७५० च्या सुमाराचं एक चित्र पाहा. जमीनदार अँड्रूज पती-पत्नी झाडाखाली आहेत. शेजारी कापलेलं शेत, बांधलेल्या पेंढ्या. पण कापणारा एकही मजूर नाही. हे दोघं निसर्गप्रेमी नसून आधी जमिनीचे मालक आहेत, हे जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये 'वेज ऑफ सीइंग'मध्ये दाखवून दिलं.

आता त्याच नजरेने वऱ्हाड पाहा. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतलं, तेव्हा त्यांचा डोळा इथल्या कापसावरही होता. आजही कापूस म्हटलं की चित्रात पांढरंशुभ्र शेत येतं. दिवसभर वाकून वेचणारी बाई येत नाही. कापूस पिंजून गाद्या भरणारा पिंजारी येत नाही. देवळाचा कळस येतो, आणि यावाच, तो गावात आहे. पण मशिदीचा मिनार, ईदगाह, बौद्धवाडा हेही त्याच गावात आहेत.

मला मात्र जास्त खुपतं ते दुसरंच. मिनार काढू नको, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. 'गाव' म्हणजे आपला मोहल्ला नव्हे, हे मी न सांगताच शिकलो होतो. आपलं घर आपणच खोडलं, तेही रबर न वापरता.

म्हणून उद्या नुसता मिनार काढून मोकळं होऊ नका. तसं केलं तर आपणही तेच करू. आपलं तेवढं ठेवू, बाकीच्यांना गाळू. चित्राशेजारी गावचा सातबारा ठेवा. जमीन कुणाच्या नावावर? त्यात बायका किती? राबणाऱ्यांपैकी किती जण? गोडं पाणी आधी कोणत्या वस्तीत पोहोचतं? आपल्या मोहल्ल्यातल्या चित्रात अम्मी शेतात दिसते, की फक्त चुलीपाशी?

या प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरवा. चित्र कदाचित सुंदर दिसणार नाही. पण ते दर्यापूरचं असेल.