अर्थाप्रमाणें अक्षर

आषाढांत लोणावळ्याच्या बाजारपेठेंतून धबधब्याकडे जातांना वाटेवरील पाट्या वाचीत जाव्या. चिक्कीची पाटी, चहाची पाटी आणि ‘धोका’ ही पाटी, पुष्कळदां तिन्ही एकाच गोलमटोल वळणाच्या! आम्हांस ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाहीं. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. दोष पाटीचा होता असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु जो शब्द माणसास थांबविण्यासाठीं लिहावयाचा, तोच डोळ्यांस गुदगुल्या करूं लागला तर थांबणार कोण?

शब्द वाचला जाण्यापूर्वीं त्याचें रूप दिसतें. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं मराठी नाटकांच्या जाहिरातींत हें सिद्ध करून दाखविलें. वर्तमानपत्राच्या इवल्याशा चौकटींत ते नाटकाचें नांव असें बसवीत कीं, नाटक गंभीर आहे कीं विनोदी, हें नटांचीं नांवें वाचण्याआधींच प्रेक्षकास कळे. ‘चित्राक्षरं’ आणि ‘कमलाक्षरं’ हीं त्यांचीं पुस्तकें विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावीं. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं कवितेंतील अक्षरांसही अर्थानुसार रूप दिलें. आणि संगणकावरील ‘मंगल’ हें शांत, निराभरण देवनागरी वळणही त्यांचेंच. अक्षरानें कोठें बोलावें आणि कोठें गप्प राहावें, हें ज्यास कळलें तोच खरा अक्षरकार.

देवनागरीस साधनांची वाण नाहीं. शिरोरेघ तोडतां येते, वेलांटी वाढवितां येते, उकार लोंबवितां येतो. ‘थेंब’ शब्दावरील अनुस्वाराचा थेंब केल्यास शोभेल. ‘टंचाई’वर तोच थेंब हास्यास्पद होईल. ‘घाट’ शब्द तिरपा चढवावा, हें कोणासही सुचतें. ‘सावकाश’ शब्दांतील अक्षरें दूर दूर मांडून वाचणाराची नजरच मंद करावी, हें थोड्यांस सुचतें.

कोणी म्हणतील, अक्षर सुवाच्य असलें म्हणजे पुरे. कार्ल्याच्या लेण्यांतील खांबांवर दात्यांचीं नांवें साध्या ब्राह्मींत कोरलेलीं आहेत. त्यांस शिरोरेघही नाहीं. दानाची नोंद करावयाची असतां तेवढें पुरे, हें आम्हांस मान्य आहे. पण नोंद करणें निराळें आणि हाक मारणें निराळें.

म्हणून ज्या पालकांचीं दुकानें धबधब्याच्या वाटेवर आहेत, त्यांस आमची एक विनंती आहे. पुढील पावसाळ्यापूर्वीं आपल्या मुलांकडून ‘धोका’ हा एकच शब्द दहा तऱ्हांनीं लिहवून घ्यावा, आणि त्यांतील जो वीस पावलांवरून, भर पावसांत, न अडखळतां वाचतां येईल, तो दुकानाबाहेर लावावा. सुबक नसला तरी चालेल.