जकात नाके कोठे होते?

इचलकरंजीत बाहेरगावचा पाहुणा यायचा असला, की त्याला पत्ता सांगताना सांगली नाका, कोल्हापूर नाका, नदीवेस नाका ही नावे आपल्या तोंडून सहज निघतात. पाहुणा सांगितल्या ठिकाणी उतरतो आणि नाका म्हणावा असे तेथे त्याला काहीच आढळत नाही. दुकाने असतात, रिक्षांची रांग असते, चहाची गाडी असते. पण रस्त्यावर आडवा बांबू नाही, चौकी नाही, खिडकीतून हात बाहेर काढून पावती फाडणारा कारकून नाही. त्यातून दोन जुन्या दुकानदारांना ‘चौकी नेमकी कोठे होती?’ असे विचारावे, तर एकाचे बोट पिंपळाकडे जाते आणि दुसऱ्याचे पेट्रोल पंपाकडे. आम्ही काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हा उद्योग एकदा करून पाहिला. त्या दिवशी सर्वांत उद्बोधक प्रश्न एका विद्यार्थ्यानेच विचारला : ‘सर, जकात म्हणजे कोण कोणाला काय देत असे?’ हा मुलगा १९९९ नंतर जन्मलेला. त्याच्या अज्ञानाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण आपणही त्याला काही दाखवू शकलो नाही.

राज्यातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली. महानगरपालिकांची पुढे काही वर्षे टिकली. २०१० पासून टप्प्याटप्प्याने तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता तोही गेला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईचे अखेरचे जकात नाके बंद झाले. त्याआधीच, २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ५२ क्रमांकाची नोंद वगळण्यात आली होती. स्थानिक क्षेत्रात उपभोगासाठी, वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर कर बसविण्याचा अधिकार त्या नोंदीत होता. म्हणजे नाका रस्त्यावरून गेला, कायद्यातून गेला आणि राज्यघटनेतूनही गेला. उरले ते केवळ नाव.

ब्रिटनमध्ये अशाच एका नाहीशा झालेल्या वस्तूच्या जागा शोधून काढण्याचा छंद अनेकांना जडला आहे. ती वस्तू म्हणजे रस्त्याच्या कडेची निळी पोलीस पेटी. लंडनच्या पोलीस दलासाठी गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांनी १९२९ मध्ये तिचा नमुना तयार केला. भिंती काँक्रीटच्या, दार सागवानी, माथ्यावर दिवा. बाहेरच्या बाजूस एका झडपेमागे दूरध्वनी असे. कोणाही नागरिकाने तो उचलावा आणि ठाण्याशी बोलावे. आतल्या जागेत गस्तीवरचा शिपाई टिपणे लिही, डबा खाई. अशा सहाशेहून अधिक पेट्या लंडनमध्ये होत्या. पुढे शिपायाच्या खांद्यावर बिनतारी संच आला आणि १९६९ नंतर त्या भराभर उखडल्या गेल्या. आता जुने मोठ्या प्रमाणाचे नकाशे, कौटुंबिक छायाचित्रे, निवृत्त शिपायांच्या आठवणी ताडून पाहून प्रत्येक पेटीची जागा निश्चित करण्याचा प्रयत्न हौशी मंडळी करतात. बी.बी.सी.च्या १९६३ पासूनच्या एका विज्ञानकथा मालिकेत हीच पेटी कालयान म्हणून दाखविली गेल्यामुळे तिच्या आकारावर हक्क कोणाचा, यावरून पोलीस आणि ती संस्था यांच्यात वाद झाला आणि २००२ मध्ये निर्णय संस्थेच्या बाजूने लागला. ज्यांनी पेट्या उभारल्या आणि उखडल्या, त्यांच्यापेक्षा ज्यांनी त्या लोकांच्या स्मरणात ठेवल्या त्यांची बाजू वरचढ ठरली, असेही याचे वर्णन करता येईल. असो.

आपल्याकडे असा शोध कोणी घेतला नाही असे नाही. मात्र ज्याने घेतला तो गृहस्थ इंग्रज होता. लंडनमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकत घेतलेल्या एका ग्रंथाच्या तळटीपेत रॉय मॉक्सहॅम यांना हिंदुस्थानभर वाढविलेल्या एका कुंपणाचा उल्लेख सापडला. मिठावरील कर चुकवून कोणी माल आणू नये म्हणून इंग्रज सरकारने सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैलांची जकात रेषा आखली होती, आणि १८६९ च्या सुमारास तिच्यावर जवळजवळ बारा हजार माणसे पहारा करीत होती. पंजाबातील लय्यापासून आपल्या खानदेशाच्या शेजारच्या बुऱ्हाणपूरपर्यंत या रेषेवर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचे काटेरी कुंपण वाढविण्यात येत होते. ते नीट वाढीस लावणाऱ्यांमध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम होते. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेले तेच ह्यूम. १८७९ मध्ये ही रेषा मोडीत निघाली. शतकभरानंतर तिचा मागमूस कोणालाही ठाऊक नव्हता. मॉक्सहॅम यांनी अनेक खेपा घालून १९९८ मध्ये चंबळच्या परिसरात तिचा एक तुकडा शोधून काढला. एवढी अवाढव्य व्यवस्था जर लोकांच्या विस्मरणात जाऊ शकते, तर आपल्या दहा फूट लांबीच्या पत्र्याच्या खोलीची काय कथा?

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. नाक्याच्या जागा शोधाव्यात असे म्हणणे म्हणजे जकातीसाठी अश्रू ढाळणे नव्हे. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मी तो कर कधीही चांगला मानलेला नाही. जकातीने मालमोटारी तासन्‌तास अडकून पडत. इंधन जळे, नाशवंत माल कुजे. कराचा भार गरिबाच्या धान्यावर आणि श्रीमंताच्या चैनीवर सारख्याच निष्ठुरपणे पडे. मालाचे मोल कारकुनाच्या नजरेवर ठरत असल्यामुळे पावतीविना होणाऱ्या व्यवहारांना राज्यभर वाव होता, हे कोणाही ट्रकचालकाला विचारावे. लोकांचा नाक्यावरचा राग जुना आहे. पॅरिसच्या जकात तटावर लदू या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेल्या देखण्या चौक्या जुलै १७८९ मध्ये, बास्तीय पडण्याच्या आधीच, जमावाने पेटविल्या. पन्नासाहून अधिक चौक्यांपैकी आज चारच ठिकाणी अवशेष उभे आहेत. कोल्हापुरात जानेवारी २०१४ मध्ये जनतेने टोलनाके पेटविले आणि दोन वर्षांच्या आतच तो टोल रद्द करणे सरकारला भाग पडले. तो आता इतिहास झाला. पण ते नाके कोठे होते हे तरी अजून पुष्कळांना सांगता येते.

मग जागा शोधायच्या कशासाठी? कौटिल्याने शुल्काध्यक्षाचे काम सांगताना नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाला उभारावी, तिच्यावर ध्वज लावावा आणि तेथील चार-पाच लेखकांनी व्यापारी कोण, कोठून आला, माल किती, त्यावर मुद्रा कोठे उमटली, हे लिहून घ्यावे असे म्हटले आहे. यात करापेक्षा नोंदीकडे माझे लक्ष जाते. जकात नाका हा शहराच्या अर्थव्यवहाराची नाडी मोजणारा तळ होता. इचलकरंजीसारख्या गावाबाबत तर हे विशेष खरे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला. श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या जहागिरीच्या काळात हा धंदा रुजला, पुढे सूतगिरण्या आल्या, आणि ज्या गावात कापूस फारसा पिकत नाही ते गाव महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून मिरवू लागले. अशा गावाचा सर्व कच्चा माल बाहेरून येतो. सुताच्या गाठी, सायझिंगसाठी लागणारा स्टार्च, बॉयलरसाठी कोळसा, मागांचे सुटे भाग यांतले काय किती आले, मंदीत किती घटले, संपाच्या महिन्यात किती आले, हे सांगणारी तारीखवार नोंद नाक्याच्या वहीखेरीज दुसरी कोणती असणार? गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गोगटे यांच्यासह मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतील मोटार वाहतुकीची पाहणी केली, ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. रस्त्यावर माणसे उभी करून अशी माहिती जमविणे किती खर्चाचे आणि कष्टाचे असते हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. नाक्यांवर ती आपोआप, रोज, तिन्ही पाळ्यांत जमत होती.

पण वही नुसती असून भागत नाही. ती कोणत्या नाक्याची हे कळले पाहिजे, आणि तो नाका त्या वर्षी कोठे होता हेही. कारण नाका ही स्थिर वस्तू नव्हे. शहराची हद्द वाढली, की चौकी पुढे सरके आणि नाव मात्र जुन्या जागीच चिकटून राही. त्या दोन दुकानदारांची बोटे दोन दिशांना गेली ती कदाचित दोघेही खरे बोलत होते म्हणून. मुंबईच्या बाबतीत सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवण्याच्या सोयीमुळे भिवंडीच्या परिसरात गोदामांचे जंगल उभे राहिले. जकात जाऊनही ती गोदामे तेथेच आहेत. आमच्याकडे कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ, यड्राव या गावांतून माग, सायझिंग आणि कारखाने पसरले, त्यामागे स्वस्त जमीन किती आणि हद्दीबाहेर राहण्याचा मोह किती? हा प्रश्न मी वर्गात अनेकदा घातला आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर कोणत्या वर्षी जकातीची रेषा कोठून जात होती हे नकाशावर आखता आले पाहिजे. आज ते येत नाही.

याला पैशाची बाजूही आहे. जकात गेली तेव्हा नगरपालिकांना राज्याकडून सहायक अनुदान मिळू लागले. वस्तू व सेवा करानंतर महापालिकांसाठी २०१७ च्या राज्य कायद्याने भरपाई ठरली आणि तिच्यात दरवर्षी आठ टक्के चक्रवाढीची तरतूद झाली. इचलकरंजी महापालिका झाली ती २०२२ मध्ये. या भरपाईत आपल्याला न्याय्य वाटा मिळावा ही मागणी तेव्हापासून येथे होत आली. स्वतःच्या वेशीवर स्वतःचा कर गोळा करणारी संस्था आता मंत्रालयाच्या पत्राची वाट पाहते, याचे दुःख करावे की मोटारींच्या रांगा संपल्याचे समाधान मानावे, यावर मतभेद होऊ शकतो. माझ्या मते कर गेला हे योग्य झाले, आणि त्याच्या जागी शहराला स्वतःच्या विचाराने वाढविता येईल असे उत्पन्नाचे साधन दिले गेले नाही ही चूक झाली. पण कोणत्याही पक्षाने बोलायचे झाले तरी जकातीचे अखेरचे आकडे आणि त्यांच्यामागची कागदपत्रे यांवाचून बोलणे पोकळ ठरते.

शासकीय अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, त्याखालच्यांची मुदत याहून कमी आणि ड वर्गाची तर अवघी वर्षभर. याच मापाने पाहिले तर पावतीपुस्तकांसारखे किरकोळ गणले जाणारे कागद केव्हाच रद्दीत गेले असणार. तीस वर्षांच्या मुदतीतले १९९९ चे कागद उरले असतील, तर त्यांची मुदत २०२९ मध्ये संपते. माणसांची मुदतही अशीच जवळ आली आहे. जकात बंद झाली तेव्हा तिशीत असलेला नाका कारकून आज निवृत्त झालेला आहे किंवा होण्याच्या बेतात आहे; त्याचे वरिष्ठ तर पंचाहत्तरीच्या पुढे गेले.

या कामाला मोठा निधी लागत नाही. शहर विकास आराखड्यांचे जुने नकाशे, हद्दवाढीच्या अधिसूचना, मजूर आणि हमाल यांच्या आठवणी, ट्रकमालकांच्या घरच्या ट्रंकेत पडून राहिलेले दाखले एवढे साहित्य पुरे. महाविद्यालयांच्या भूगोल आणि अर्थशास्त्र विभागांनी दोन उन्हाळी सुट्ट्या दिल्या, तर नाक्यांचा वर्षवार नकाशा सिद्ध होईल. महापालिकेने मुदत संपलेले जकातीचे कागद नष्ट करण्यापूर्वी ते एकदा या विभागांना पाहू द्यावेत.

आमच्या त्या फेरीत एक निवृत्त कारकून भेटले. चौकीची जागा त्यांनी अचूक दाखविली. पायाचा दगडही दाखविला, एका पानपट्टीच्या खाली. रात्रपाळीच्या वह्या कोठे गेल्या असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘एक माझ्याकडे आहे. कोरी पाने पुष्कळ होती, म्हणून नातवाला गणितं करायला दिली.’ ती वही आम्ही मागून घेतली आहे. पुढच्या चाळीस पानांवर सुताच्या गाठींचे आकडे आहेत.