काजवे, पाहुणे आणि गावाची शिस्त

अकोले तालुक्यातील कळसूबाईच्या परिसरास निसर्गाने सढळ हाताने दिले आहे. १६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर, १९२६ साली पुरे झालेले प्रवरेवरील भंडारदरा धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि साम्रदची सांदण दरी पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा व जांभूळ या झाडांवर काजवे लखलखतात आणि तेव्हा रात्रीही गर्दी होते.

नेमका हाच काळ शेतकऱ्याच्या निकडीचा असतो. राब भाजून झालेले असतात व भाताचे बी टाकण्याची घाई असते. अशा वेळी मोटारी बांधाला लागल्या आणि माणसे अंधारात भाजलेल्या राबावरून फिरली, तर नुकसान शेतकऱ्याचेच होते.

काजव्याचे नुकसान मात्र सहज दिसत नाही. पंखांचा काजवा थोडे आठवडेच जगतो. त्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ अळीच्या अवस्थेत, ओलसर मातीत व पालापाचोळ्यात जातो. ही अळी गोगलगाई खाते. म्हणजे ती शेतकऱ्याची मित्रच होय. नर व मादी एकमेकांस प्रकाशाच्या खुणेने ओळखतात. मोटारीच्या दिव्यांचा झोत पडला की ती खूण हरवते, आणि झाडाखालची जमीन तुडवली गेली की पुढील पिढीच चिरडते.

पाहुण्यांवर बंधने घातली तर चार पैसे बुडतील, असे काही बंधू म्हणतात. डोंगराळ भागात रोख पैशाची चणचण असते, म्हणून ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. परंतु काजवेच उरले नाहीत, तर त्यांच्यासाठी रात्रीचा प्रवास करून कोण येईल? भांडवल खाऊन व्याजाची आशा धरणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

हा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे व वन खात्याचे नियम तेथे लागू आहेतच. तथापि केवळ पहाऱ्याने शिस्त लागत नाही. ती गावाने आपली मानली पाहिजे. ग्रामसभेने मोटारी गावाबाहेर उभ्या करण्याची जागा ठरवावी. तेथून पायी, मंद दिव्यानिशी, गावच्याच तरुण वाटाड्याने पाहुण्यांस न्यावे व त्याची मजुरी आधीच ठरवावी. काजव्यांच्या झाडांखाली कीटकनाशके फवारू नयेत व पाला पेटवू नये. पाहुण्यांस विकतच्या पुड्यांऐवजी घरचा भात, नाचणीची भाकरी व वरईचे पदार्थ वाढावेत, म्हणजे पैसा गावातच राहील. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले आहे. त्याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी पोहोचवावी.

पाहुण्यांचे स्वागत ही आपली रीतच आहे. परंतु पाहुण्याने कोठवर यावे हे घरधन्याने ठरवायचे असते. यंदाचा पाऊस येण्यापूर्वी प्रत्येक गावाने ते ठरवावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.