सुटीतला पाहुणा

2025 मध्ये बकरी ईद 7 जूनला आली आणि आमच्या घरातल्या लेकरांच्या उन्हाळी सुटीचा रंगच पालटला. वाचकहो, तुमच्याकडेही असंच झालं असेल. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून आपले सण दरवर्षी तेवढे मागे सरकतात. 2023 मध्ये ही ईद 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जूनला. 2007 साली ती ऐन डिसेंबरात आली होती. तेव्हा बकरा दिवसभर खुंट्याला आणि मुलं शाळेत. भेट व्हायची ती संध्याकाळी घटकाभर. सुटीतली बकरी ईद मात्र निराळी. बकराही मोकळा आणि मुलंही मोकळी. हे चक्र फिरून त्याच जागी यायला साधारण 33 वर्षं लागतात. आमच्या वाट्याला अशा सुट्या एकदा आई म्हणून आल्या, आता दादी म्हणून आल्या.

पुण्याचा मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात मे महिन्यात नांदगाव खंडेश्वरला आली. समृद्धी महामार्ग आता आमच्याच तालुक्यातून जातो, पण नातीला रेल्वेच हवी असते. बडनेऱ्याला उतरायचं आणि तिथून यवतमाळच्या रस्त्याने एस.टी.त खिडकीजवळ बसून यायचं, तेव्हा कुठे तिची सुटी सुरू होते. मग रोजचा आंबरस, त्यात सरगुंडे, सकाळी कुरड्या घालताना वाटीभर गरम चीक, आणि रात्री गच्चीवर अंथरुणं. पुण्याला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या लेकराला गच्चीवर झोपण्याचं केवढं अप्रूप! या वेळी पावसाने मे महिन्यातच गाठलं. दोनदा मध्यरात्री गाद्या डोक्यावर घेऊन जिना उतरावा लागला, आणि पहिल्या पावसात आमच्या निम्म्या कुरड्या भिजल्या. मुलांना त्याचंही हसूच.

अशातच बकरा घरी आला. आठवडी बाजारातून मुलांचे दादा नातवंडांना बरोबर घेऊन गेले आणि एका शेतकरी बाईकडून त्यांनी तो घेतला. दोन दात आलेला, कान-शिंगं शाबूत, तांबूस रंगाचा. पैसे मोजून झाल्यावर त्या बाईने त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आपली दोरी सोडून घेतली आणि मागे न बघता निघून गेली. हे आम्हाला नातीनेच सांगितलं. मोठ्यांच्या लक्षात भाव राहिला, तिच्या लक्षात तो हात राहिला.

बकऱ्याचं नाव ठेवायचं नाही, असं आम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतं. संध्याकाळपर्यंत तो ‘भुऱ्या’ झाला होता. निंबाखाली त्याचा खुंटा, शेजारी पाण्याचं घमेलं. सकाळी तुरीचं कुटार, दुपारी निंबाचा पाला, आणि नात कुठून कुठून गोळा करून आणायची त्या बाभळीच्या शेंगा. पाऊस आला की ओसरीवर पहिला मान भुऱ्याचा, मग आमच्या पापडांचा. त्याने एक अख्खं वर्तमानपत्र आणि दादांच्या टोपीची कड खाल्ली. टोपीवरून थोडी बोलाचाली झाली, पण ती बकऱ्याशी नाही, आमच्याशी झाली.

ईद आठ दिवसांवर आली तसं आमच्या पोटात गोळा येऊ लागला. कारण जून 1992 आम्ही विसरलेलो नाही. तेव्हाही ईद सुटीतच होती आणि हाच मुलगा आठ वर्षांचा होता. त्यालाही असाच एक बकरा जिवापाड आवडायचा. ईदच्या आदल्या दिवशी आम्ही त्याला बडनेऱ्याला मामाकडे पाठवून दिलं, आणि तो परत आल्यावर सांगितलं की, बकरा शेतात त्याच्या आईकडे गेला. मुलगा काही बोलला नाही. आम्हाला वाटलं, निभावलं.

या वेळीही आमचा बेत तोच होता. नातीला दोन दिवस आत्याकडे अमरावतीला धाडायचं. मुलासमोर विषय काढला, तर तो कुटार निवडता निवडता थांबला. म्हणाला, “अम्मी, तिला खोटं सांगू नका. मी निळा मणी बांधलेली दोरी मागच्या तारेवर धुऊन वाळत घातलेली होती. मला त्याच दिवशी कळलं होतं.”

तेहेतीस वर्षं हे त्याच्या मनात होतं. बकरा गेल्याचं दुःख तर होतंच, पण घरच्यांनी फसवलं, हे त्याला जास्त लागलं होतं. आम्ही काय बोलणार? गप्प राहून चहा ठेवला.

ईदच्या दोन दिवस आधी त्याने लेकीला जवळ बसवून सगळं सरळ सांगितलं. हजरत इब्राहीम (अलै.) यांची गोष्ट तिला ठाऊक होती, मदरशात ऐकलेली. पण गोष्ट ऐकणं वेगळं आणि भुऱ्या वेगळा. खूप रडली. मग आमच्याकडे आली. “दादी, याच्या बदल्यात दुसरा नाही का देता येणार?” आम्ही म्हणालो, “दुसराही कुणाच्या तरी अंगणात वाढलेला असेल, बेटा. त्या बाजारातल्या बाईसारखं त्याच्याही पाठीवरून कुणीतरी हात फिरवला असेल.” ती विचारात पडली. आम्ही पुढे सांगितलं की जे आवडतं ते अल्लाहच्या वाटेत द्यावं. त्यावर ती म्हणाली, “मग मला रडायला आलं तर चालतं ना?”

एक शेजारीण बसली होती, ती हसली. शहरातली पोर, बकऱ्यासाठी रडते म्हणे. आम्हाला ते हसू आवडलं नाही. आपल्याकडे लेकराचं असं रडणं थट्टेवारी नेतात, नाहीतर ‘ईमान कच्चं’ म्हणून दटावतात. आपल्या प्रेषितांनी (स.) काय केलं होतं? हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाने एक छोटा पक्षी पाळला होता. तो मेला, पोर हिरमुसून बसलं. प्रेषित त्यांच्या घरी आले, तर त्यांनी त्या पोराला मोठ्या माणसासारखं ‘अबू उमैर’ म्हणून हाक मारली आणि त्याच्या पक्ष्याची विचारपूस केली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे. ज्यांच्या डोक्यावर सगळ्या उम्मतीचा भार, त्यांना एका पोराच्या पाखराची चौकशी करायला वेळ होता. शेजारणीला आम्ही हेच सांगितलं. ती चांगली बाई आहे, तिला पटलं. जाताना नातीच्या हातावर दोन आंबे ठेवून गेली.

ईदच्या सकाळी नातीने भुऱ्याला शेवटचं पाणी स्वतः पाजलं. सुरी जनावराच्या नजरेला पडू द्यायची नाही, त्याच्यासमोर धार लावायची नाही, एकासमोर दुसऱ्याला जबह करायचं नाही, हे सगळं तिच्या बापाने आदल्या रात्रीच कसायाला बजावलं होतं. एरवी या गोष्टी आपल्याला पाठ असतात, पण घाईत कोण पाळतं? या वेळी पाळल्या गेल्या, कारण एक लेकरू विचारणार होतं. कुर्बानीच्या वेळी ती आत आमच्या मांडीवर डोकं ठेवून होती. आम्ही तकबीर म्हणत होतो, तीही हळू म्हणत होती.

त्या दिवशी तिने मटण खाल्लं नाही. वरण-भात खाल्ला. तिच्या आईने आग्रह करायला तोंड उघडलं होतं, आम्ही डोळ्यांनी थांबवलं. दुपारी तीन वाटे झाले, तेव्हा गरिबांचा वाटा पोचवायला मात्र तीच पुढे आली. चुलतभावाबरोबर चार घरं फिरली. एका घरातून ओंजळभर जांभळं घेऊन परतली आणि सांगू लागली, “त्यांच्याकडे माझ्याएवढी मुलगी आहे. तिने विचारलं, बकऱ्याचं नाव काय होतं.”

“मग?”

“सांगितलं.”

पुण्याच्या शाळा 16 जूनला उघडल्या, म्हणून ती मंडळी त्याआधीच गेली. आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे 23 तारखेला उघडल्या. जाताना नातीने चुलतभावाला बजावलं की घमेलं हलवायचं नाही. त्यात रोज पाणी भरायचं. तो भरतो. साळुंक्या येतात, दुपारी खार येते, आणि कुणाचं तरी करडं मांजर आता आमच्याकडेच मुक्कामाला आलंय. दादांच्या खुर्चीवर झोपतं. टोपी अजून त्याने खाल्लेली नाही.

काल फोनवर नातीने विचारलं, “मांजर साळुंक्यांना त्रास तर देत नाही ना?”

“देतं,” आम्ही म्हणालो. खोटं सांगायचं नाही, असं आता घरात ठरलंय.