उद्या सकाळी घरी या

सोमवारी शिस्त, मंगळवारी नेतृत्व, बुधवारी धैर्य, गुरुवारी प्रामाणिकपणा, शुक्रवारी भेळ आणि प्रमाणपत्र. वेळ सकाळी आठ ते दहा, टोपी आणि पाण्याची बाटली सोबत आणावी. मोबाइलवर आलेली मुलांच्या शिबिराची ही जाहिरात सुनेने मला दाखवली आणि नातवाकडे पाहत विचारलं, "बाबा, घालू या का याला?" मी चौतीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर बसून निवृत्त झालेला माणूस. कुठली वस्तू पैसे मोजून मिळते आणि कुठली नाही, हे आपल्याला कळतं असा माझा समज. पण बुधवारचं दोन तासांचं धैर्य कुठल्या खात्यात टाकावं, ते समजेना.

निवृत्तीनंतर मला प्लेटोचं वेड लागलं आहे. त्याच्या ‘लाखेस’ नावाच्या छोट्या संवादाची सुरुवात अगदी याच प्रश्नाने होते. काळ इसवी सनापूर्वीचं पाचवं शतक, गाव अथेन्स. लिसिमाखस आणि मेलेसिआस हे दोन बाप आपल्या वयात आलेल्या मुलांच्या काळजीत आहेत. चिलखत घालून लढण्याचे डाव शिकवणारा स्टेसिलाउस नावाचा एक उस्ताद गावात आला आहे. त्याचा खेळ पाहायला ते निकिआस आणि लाखेस या दोन सेनापतींना घेऊन आले आहेत. ही विद्या पोरांना शिकवावी का, एवढंच त्यांना विचारायचं आहे.

पण विचारण्याआधी लिसिमाखस जे सांगतो, ते मी परत परत वाचतो. त्याचा बाप म्हणजे ‘न्यायी’ म्हणून ख्याती असलेला ॲरिस्टायडीस. मेलेसिआसचा बाप थ्युसिडिडीस; हा इतिहासकार नव्हे, पेरिक्लीसचा राजकारणातला कट्टर विरोधक. दोघं एकत्र जेवतात, मुलांनाही पंगतीला घेतात आणि त्यांना आजोबांच्या मर्दुमकीच्या गोष्टी सांगतात. स्वतःची सांगण्यासारखी एकही गोष्ट दोघांकडे नाही. याची पोरांसमोर लाज वाटते, असं हा म्हातारा दोन सेनापतींच्या तोंडावर कबूल करतो. वर बापांनाही बोल लावतो: गावाची कामं करत बसले आणि आम्हाला मोकाट सोडलं. नातवांना नावं मात्र आजोबांचीच आहेत, एक ॲरिस्टायडीस आणि एक थ्युसिडिडीस. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याही घरांत होती, त्यामुळे ते ओझं काय असतं हे मला वेगळं सांगायला नको.

दोन सेनापतींची मतं पडतात दोन. निकिआस म्हणतो, शिकवा. लाखेसला मात्र हा उस्ताद मुळीच पटत नाही. लढाई हाच ज्यांचा धंदा त्या स्पार्टात हे लोक फिरकत नाहीत, बाकी सगळीकडे खेळ दाखवत हिंडतात, हा त्याचा टोमणा. शिवाय त्याने स्टेसिलाउसला खऱ्या झटापटीत पाहिलेलं असतं. गड्याने भाल्याला विळा जोडून खास हत्यार केलं होतं. जहाजं एकमेकांना भिडली आणि विळा समोरच्या जहाजाच्या दोरखंडांत अडकला. ओढला तर निघेना. तोवर ते जहाज पुढे सरकू लागलं. हा भाल्याचा दांडा धरून आपल्या जहाजावरून पळतोय, दांडा हातातून सुटत सुटत शेवटी फक्त टोक मुठीत उरलंय. समोरचे टाळ्या पिटत हसू लागले. कुणीतरी त्याच्या पायाशी दगड टाकला, तेव्हा त्याने हात सोडला. मग परक्या जहाजावर लोंबकळणारा तो विळा पाहून त्याच्याच जहाजावरच्या लोकांनाही हसू आवरेना. जाहिरात वाचताना मला पहिल्यांदा आठवला तो हा विळा.

दोघांचं जुळेना म्हणून सॉक्रेटिसला विचारलं जातं. इसवी सनापूर्वी 424 मध्ये डेलिअमच्या लढाईत अथेन्सची दाणादाण उडाली, तेव्हा माघार घेताना लाखेस आणि सॉक्रेटिस बरोबर होते. तेव्हापासून लाखेसला या माणसाबद्दल आदर. सॉक्रेटिस मत देतच नाही. मुलांमध्ये जे आणायचं ते धैर्य म्हणजे काय, तेवढं आधी सांगा, म्हणतो. लाखेसचं उत्तर शिपाईगड्याचं: रांग सोडून पळत नाही तो धीट. मग आजारात, गरिबीत, समुद्रावर, राजकारणात, स्वतःच्या हावेसमोर टिकतात त्यांचं काय? या यादीसाठी मी सॉक्रेटिसला बाकी सगळं माफ करतो. शिबिरात दोरीवर चढवतात, त्याचं कौतुकच आहे. पण वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणारी बाई या यादीत बसते आणि दोरीवर बसत नाही.

धैर्य ज्यातलं एक, त्या गोष्टीला ग्रीक लोक ‘अरेते’ म्हणत; तिला आपण सद्गुण म्हणून मोकळे होतो. मला नुसता ‘गुण’ जवळचा वाटतो. औषधाने गुण आला असं आपण म्हणतो, म्हणजे औषधाने आपलं काम केलं. त्यांच्याकडे घोड्यालाही अरेते असते. परीक्षेतले गुण मात्र त्यात येत नाहीत.

निकिआसचं उत्तर जास्त शहाणं आहे. कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये याचं ज्ञान, ते धैर्य. मग ज्योतिषी सगळ्यात धीट, असं लाखेस खवचटपणे म्हणतो. निकिआस त्याला झटकतो: ज्योतिष्याला खुणा कळतात, माणसाचं भलं कशात ते नाही. सॉक्रेटिस पुढे पुस्ती जोडतो की कायद्याने सेनापती ज्योतिष्याच्या वर आहे, खाली नाही.

प्लेटोने हे लिहिलं तेव्हा निकिआसचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. इसवी सनापूर्वी 413 चा ऑगस्ट. सिसिलीत अथेन्सचं सैन्य अडकलेलं, निघून जाणं हाच एक मार्ग उरलेला. आधीच निकिआस निघायला तयार नव्हता. हरून घरी गेलो तर आपलेच लोक सभेत दोषी ठरवून मारतील, ही त्याची धास्ती. शेवटी तयार झाला, तर त्या रात्री चंद्रग्रहण लागलं. ज्योतिष्यांनी तीन नव्वे सत्तावीस दिवस थांबा म्हणून सांगितलं आणि हा थांबला. आरमार गेलं, सैन्य गेलं, त्यालाही मारलं. व्याख्या तोंडपाठ असलेला माणूस नेमका नको त्या गोष्टींना भ्याला. तरीही इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो की आयुष्यभर सदाचाराने वागलेल्या या माणसाच्या वाट्याला असा शेवट यायला नको होता. इथे मी दरवेळी अडतो. निकिआसला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही.

सद्गुण म्हणजे ज्ञान, हे सॉक्रेटिसचं म्हणणं म्हणून मला पुरतं पटत नाही. ॲरिस्टॉटल रोकड्या हिशेबाचा. घरं बांधून गवंडी होतो, वीणा वाजवून वादक होतो, तसा न्यायाने वागून माणूस न्यायी होतो. कोवळी मुलं भूमितीत पटाईत होऊ शकतात, व्यवहारातलं शहाणपण मात्र वयानेच येतं, हेही त्याचंच. पण सराव कुणाला बघून करायचा?

माझा मुलगा बारा ओलांडून तेरावं लागलेला असताना आम्ही बसने गावी निघालो होतो. कंडक्टर आला. मी "एक फुल, एक हाफ" म्हटलं. पोराने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीशी गुडघे दुमडून लहान होऊन बसला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. शिकवणी एका वाक्यात झाली होती, फी निम्म्या तिकिटाची.

‘लाखेस’च्या शेवटी धैर्याची व्याख्या कुणालाच सापडत नाही. सॉक्रेटिस म्हणतो, मास्तर शोधायचा तर आधी आपल्यासाठी शोधू, या वयात शाळेत जातो म्हणून कुणी हसलं तर हसू दे. लाखेस आणि निकिआस त्याआधी एकमेकांना टोचून घेतात. लिसिमाखस मात्र लगेच पुढे होतो. मी वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून पोरांबरोबर शिकायची घाईही मलाच, म्हणतो. उद्या सकाळी घरी या. पुढे प्लेटोच्याच ‘थिएटेटस’मध्ये त्याच्या मुलाचं, ॲरिस्टायडीसचं, नाव येतं, सॉक्रेटिसला वेळेआधी सोडून गेलेल्यांत.

शिबिराचे पैसे भरले. नातवाला दोरीवर चढायचंय आणि भेळ खायचीय, दोन्ही कारणं मला रास्त वाटली. बुधवारी रात्री जेवताना त्याला बसची गोष्ट सांगणार आहे. त्याचा बापही पानावर असेल.