वसतिगृहातील मुलांची विश्रांती

आमच्या व्यापारी घरांतील मुलगा एके काळी शाळा सुटली की पेढीवर येऊन बसत असे. आज तो वसतिगृहात असतो. कलबुर्गीस अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ साली निघाले, वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली आणि विद्यापीठ १९८० साली. पुढे २००९ साली आळंद तालुक्यातील कडगंचीस केंद्रीय विद्यापीठ आले. भालकी, औराद, बसवकल्याण येथील आमची मुले-मुली तेथे जातात, कित्येक लातूर-पुण्यासही जातात. घरी मराठी, बाहेर कानडी, वर्गात इंग्रजी, आणि खोलीत तीन अनोळखी सोबती, अशा स्थितीत सतरा-अठरा वर्षांचे मूल आम्ही ठेवून येतो, वर्षाची फी भरतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो.

मग रोज रात्री दूरध्वनी. पहिला प्रश्न गुणांचा! तुरीचा भाव विचारावा त्याच आवाजात आम्ही पोराला टक्के विचारतो. पेपर कठीण गेला असे तो म्हणाला तर शेजारच्या दुकानदाराच्या मुलाचे उदाहरण तयार असते. वस्तुतः विश्रांतीचे मोल व्यापाऱ्याला कोणी शिकवावे असे नाही. अमावास्येला सौदे बंद ठेवण्याची चाल आमच्याकडील कित्येक बाजारांत आहे, आणि त्यामुळे कोणाचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही. हमाल खांद्यावरचे पोते उतरवून घटकाभर टेकला तर आम्ही त्याला आळशी म्हणत नाही. मुलाने मात्र परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळी तासभर चेंडू खेळला तर आम्हांस ते पैशाचे नुकसान वाटते.

जैन मुलाच्या मनावर आणखी एक ओझे असते, त्याचा उच्चार आमच्या सभांत सहसा होत नाही. वसतिगृहाची खाणावळ रात्री आठला उघडते. घरचा नियम सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा. भाजी बटाट्याची, आमटीत कांदा-लसूण. काही मुले डब्यातील चिवडा-लाडवांवर रात्र काढतात आणि रिकाम्या पोटी अभ्यासास बसतात. काही सोबत्यांबरोबर जेवतात, आणि आईने विचारले की, ‘‘सहालाच जेवलो’’ असे सांगतात. भुकेपेक्षा हे रोजचे खोटे मुलाला अधिक पोखरते, असे आमचे मत आहे. व्रत मोडल्याची गोष्ट घरी सांगता येत नाही, तेथे मन खचल्याची गोष्ट तो काय सांगणार? दहा-बारा पालकांनी मिळून वसतिगृह-प्रमुखांस भेटावे आणि सायंकाळी साडेपाचला साधी पोळी व डाळ वेगळी मिळण्याची सोय करावी. ही मागणी काही अवघड नाही. तोवर मुलाला इतके तरी स्पष्ट सांगावे की, जे झाले असेल ते खरे सांग, घरात कोणी रागावणार नाही.

विश्रांती म्हणजे अंथरुणात पडून मध्यरात्रीपर्यंत मोबाइलचा पडदा न्याहाळणे नव्हे. वाचलेले मनात मुरते ते झोपेत, हे शरीरशास्त्राने सिद्ध केले आहे. म्हणून रात्र जागवून केलेला अभ्यास बहुधा पाण्यात जातो. आमच्या भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेव्हा दुपारी पडून राहावे, संध्याकाळी शरणबसवेश्वर तलावाकाठी सोबत्यांसह फिरावे, आणि पहाटे अभ्यास करावा. ज्याला रुचेल त्याने सामायिकास बसावे. अठ्ठेचाळीस मिनिटे न जमली तर दहाच मिनिटे डोळे मिटून श्वास सावकाश सोडला तरी छातीची धडधड शांत होते. (पूर्वजांचा थोरपणा सांगत असता आम्ही हे क्वचितच करतो, हेही कबूल केले पाहिजे.) एखादा रविवार मळखेडला जाण्यात घालवावा. तेथूनच राज्य करणारा राष्ट्रकूट अमोघवर्ष हा कारभारातून अधूनमधून बाजूला होत असे, असे इतिहासकार म्हणतात. आणि त्याच्याच काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. गणिताला कंटाळलेल्या मुलाने त्या गावची नेमिनाथ बसदी पाहून यावे.

तथापि फिरणे-खेळणे हा सर्वच दुखण्यांवरचा उपाय नव्हे. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर त्याला प्रवचन नको, डॉक्टर हवा. येथे आमचा समाज कच खातो. सोयरीक जमणार नाही, या भीतीने उपचार लपवले जातात, लांबवले जातात. पाय मोडला तर आपण पंचांग पाहत बसतो काय? केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून मराठी व कानडीतही तेथे बोलता येते. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. प्रवेश घेताना फीची पावती तपासतो, तसे हेही विचारून घ्यावे.

परगावी शिकणाऱ्या मुलाला घर हवे, हे आमच्या वडीलधाऱ्यांना कळले होते. मुंबईस महावीर जैन विद्यालय १९१५ साली निघाले, कुंभोजजवळ बाहुबलीचा आश्रम १९३४ साली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसवणारे वसतिगृह उभारले. इमारत बांधण्याची ऐपत आमच्या संघात आज नसेल. कलबुर्गीत एक भाड्याचे घर, एक स्वयंपाकी आणि मायेने चौकशी करणारे एखादे निवृत्त दांपत्य, एवढे तरी जमेल.

आणि एक सूचना, जी काहींस कडू लागेल. याच स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे टक्केवारीसह छापली जातात. ज्यांची छापली जात नाहीत, ती मुलेही हा अंक घरी पाहतात, आणि त्यांचे आईबापही. पुढील वर्षापासून छायाचित्रांखालील टक्के गाळावेत, आणि त्या पानांच्या जाहिरातींचे उत्पन्न वर सांगितलेल्या घराच्या भाड्यासाठी बाजूला काढावे, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. सभासदांनी त्या दिवशी दुकाने तासभर उशिरा उघडून सभेस यावे, ही विनंती.