निरसे दूध आणि सज्ञान माणूस

दूध तापवून प्यावे की निरसे, हा प्रश्न एखाद्या विधिमंडळात मतास टाकला जातो, असे आमच्या आजीस कोणी सांगितले असते, तर तिने सांगणाऱ्याच्याच कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. अमेरिकेत मात्र हे गेली कित्येक वर्षे घडत आहे. आयोवा राज्याने २०२३ साली लहान गोठेवाल्यांना निरसे दूध थेट गिऱ्हाइकास विकण्याची मुभा दिली. वेस्ट व्हर्जिनियाने २०२४ साली धोक्याची सूचना छापण्याच्या अटीवर विक्री खुली केली. २०२५ च्या फेब्रुवारीत आरोग्यखात्याची सूत्रे हाती घेणारे रॉबर्ट केनेडी हे तर स्वतःच या दुधाचे पुरस्कर्ते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी अन्न व औषध प्रशासनावर जो जाहीर ठपका ठेवला, त्यात निरशा दुधाची गळचेपी हाही एक मुद्दा होता.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. स्वतःच्या गाईचे दूध न तापवता प्याल्याबद्दल अमेरिकेत कोणास दंड होत नाही. कायद्याचा रोख पिण्यावर नसून विकण्यावर आहे. ग्राहकांच्या बाजूच्या एका संस्थेने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कोठे मध्यवर्ती सरकारने १९८७ साली नियम केला, की माणसाने पिण्यासाठी म्हणून निरसे दूध एका राज्यातून दुसऱ्यात विकता येणार नाही. राज्याच्या आतला कारभार ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिला. म्हणून कॅलिफोर्नियात ते दुकानात मिळते, तर काही राज्यांत गोठ्यावर जाऊन आणावे लागते. जेथे विक्रीच बंद, तेथे लोकांनी युक्ती काढली. गाईत हिस्सा विकत घ्यायचा. मग आपण आपल्याच गाईचे दूध घेतो, त्यात विक्री कसली? नवऱ्याच्या नावावर सावकारी आणि बायकोच्या नावावर घर, अशा युक्त्या पाहिलेल्या आपल्या जुन्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. विस्कॉन्सिनमधील एका न्यायाधीशाने मात्र २०११ साली सांगितले, की गाय बाळगून तिचे दूध पिणे हा काही मूलभूत हक्क नव्हे. त्याच्या आदल्या वर्षी अन्न व औषध प्रशासनानेही एका खटल्यात लेखी म्हणणे मांडले होते, की अमुक एक अन्न खाण्याचा किंवा मुलांस भरवण्याचा निरपवाद हक्क कोणास नाही. कायद्याच्या भाषेत हे विधान कदाचित बरोबर असेल. पण सरकारी वकिलाच्या तोंडचे असे एक वाक्य चळवळीला दहा वर्षे पुरते, आणि ते पुरले.

हा नियम आला कोठून हे पाहिल्याशिवाय त्याची बरीवाईट बाजू कळत नाही. गेल्या शतकाच्याही आधी, १८५० च्या सुमारास, न्यूयॉर्क शहरात दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे असत आणि भट्टीतला चोथा गाईंना घालत. त्या रोगट गाईंचे पांचट दूध खडू वगैरे मिसळून शहरभर विकले जाई व त्यावर तान्ही मुले मरत. १८५८ साली एका सचित्र साप्ताहिकाने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. पुढे उपाय दोन निघाले, आणि ते एकाच वर्षी, १८९३ साली, सुरू व्हावेत हा योग विलक्षण आहे. नेवार्कच्या डॉक्टर हेन्री कॉइट यांनी म्हटले, की गोठा स्वच्छ ठेवा, गाय तपासा, भांडी उकळा. मग दूध तापवण्याचे कारण नाही. असे प्रमाणपत्राचे दूध खरोखरच उत्तम असे, पण महाग. न्यूयॉर्कच्या नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्याने दुसरी वाट धरली. त्याने गरीब वस्तीत केंद्रे उघडून पाश्चरीकृत दूध अल्प किमतीत देण्यास आरंभ केला. म्हणजे श्रीमंताच्या बाळाला स्वच्छ दूध, गरिबाच्या बाळाला तापवलेले दूध! अखेर जिंकला तो तापवणारा, कारण गोठे हजारो आणि तपासनीस मूठभर. शिकागो शहराने १९०८ साली पाश्चरीकरणाचा कायदा केला. संपूर्ण राज्याला ते सक्तीचे करणारे पहिले राज्य मिशिगन, तेही १९४८ साली. दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवायचे, एवढीच काय ती क्रिया. आपली आजी दुधाला एक उकळी आणीत असे ती याहून कडक.

आमच्या मते सगळ्या वादाची मेख येथेच आहे. आपल्याकडे चुलीवरचे पातेले हेच आरोग्यखाते. दूध आले की ते तापलेच पाहिजे, उतू जाता कामा नये, आणि संध्याकाळी पुन्हा तापले पाहिजे. हा कायदा कोणत्याही विधिमंडळाने केला नाही आणि तो मोडण्याची घरातल्या सासऱ्याचीही प्राज्ञा नव्हती. युरोप-अमेरिकेत दूध थंड प्यायचे. मधे पातेले नाही, म्हणून राज्याला मधे यावे लागले.

आता, निरशा दुधाच्या बाजूने बोलणारे सगळेच भाबडे असतात असे मुळीच नाही. स्वच्छतेच्या नियमाआडून मोठा कारखानदार लहान गोठेवाल्यास मारतो, हा त्यांचा संशय आपल्या बडोद्याच्या माणसास तरी हास्यास्पद वाटू नये. येथून तासाभराच्या अंतरावर आणंदला काय घडले? मुंबईस शुद्ध दूध मिळावे या सद्हेतूने १९४५ साली सरकारने योजना आखली, आणि खेडा जिल्ह्यातले दूध गोळा करून, पाश्चरीकृत करून पाठवण्याचा मक्ता पोल्सनकडे गेला. मुंबईच्या पोराला दूध चांगले मिळाले असेल, पण खेड्याच्या पाटीदाराला दाम मिळेना. १९४६ साली शेतकऱ्यांनी १५ दिवस दूध घातले नाही, तेव्हा योजना कोसळली आणि त्यातून सहकारी संघ उभा राहिला. मात्र त्या संघाने काय केले हेही ध्यानात घ्यावे. त्याने निरसे दूध विकण्याचा हक्क मागितला नाही. पाश्चरीकरणाचे यंत्र स्वतःच्या मालकीचे केले.

खाण्यापिण्याचे स्वातंत्र्य हा शब्दही आपल्या न्यायालयांना परका राहिलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या गोवंश हत्याबंदी कायद्याला हात लावला नाही, पण परराज्यातून आणलेले गोमांस नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवणारे कलम मात्र, माणसाच्या खासगीपणावर घाला म्हणून, रद्द केले. आपल्या घरात आपण काय खावे यात राज्याने डोकावू नये, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. सज्ञान माणूस जाणूनबुजून निरसे दूध पीत असेल तर त्याला पिऊ द्यावे. तंबाखू विकू देणाऱ्या सरकारने दुधासाठी पोलीस पाठवावेत हे शोभत नाही.

परंतु पेला सज्ञान माणसाच्याच हाती असतो कोठे? अमेरिकेत वर्षातून एकदा तरी असे दूध पिणारे शंभरात चार-पाचच. तरीही १९९८ ते २०१८ या काळात निरशा दुधामुळे रोग पसरल्याच्या २०२ घटना तेथे नोंदल्या गेल्या, आणि त्यांत २६४५ माणसे आजारी पडली. तीन दगावली. आकडा तसा मोठा नव्हे, असे पुरस्कर्ते म्हणतात, आणि सबंध देशाच्या मानाने नाहीच. पण आजारी पडणाऱ्यांत मुले पुष्कळ असतात, आणि ई-कोलायच्या एका जातीने मुलाची मूत्रपिंडे बसतात तेव्हा सरासरी काढून आईबापांचे समाधान होत नाही. दुसरा जंतू कॅम्पिलोबॅक्टर. हे नाव पुण्याचे नातेवाईक असलेल्या वाचकांनी जानेवारी २०२५ मध्ये ऐकले असेल. सिंहगड रस्त्याच्या भागात हातापायांची शक्ती जाणाऱ्या गीया-बारे विकाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांत हाच जंतू सापडला. तेथे संशय दूषित पाण्यावर होता, दुधावर नव्हे. पण निरशा दुधातून जो जंतू नेहमी पोटात जातो तो हाच. त्यातच मार्च २०२४ मध्ये टेक्सास व कान्सासच्या दुभत्या गाईंत पक्षिज्वराचा विषाणू आढळला. गोठ्यांतली मांजरे निरसे दूध पिऊन मेली. पाश्चरीकृत दुधात जिवंत विषाणू मिळाला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात दुकानातले निरसे दूध परत मागवावे लागले.

गुण म्हणून जे सांगितले जातात त्यांची गोष्ट थोडक्यात आटोपते. दूध पचत नाही अशा लोकांना निरसे पचते, या समजुतीची स्टॅनफर्डमध्ये २०१४ साली परीक्षा झाली. फरक दिसला नाही. युरोपात गोठ्यातले दूध पिणाऱ्या मुलांना दमा कमी असतो, हे निरीक्षण मात्र खरे आहे. पण ते नोंदवणारे संशोधकच सांगतात, की म्हणून मुलांना निरसे दूध देऊ नका.

धारोष्ण दुधाचे कौतुक आपल्याही रक्तात आहे. गोठ्यात उभे राहून पेला तोंडाला लावणारे आजोबा पुष्कळांनी पाहिले असतील. पंचामृतात आजही निरसेच दूध पडते, आणि चमचाभर तीर्थाबद्दल आम्ही कोणाशी भांडणार नाही. काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. सध्या शहरोशहरी ‘थेट गोठ्यातून’ म्हणून काचेच्या बाटल्यांत निरसे दूध दारात येते. पाश्चरीकृत पिशवीतले दूध, वस्तुतः गरज नसताना, आपण इमानाने तापवतो. आणि ही बाटली शुद्ध, देशी, अस्पर्श म्हणून नातवंडांच्या हाती तशीच जाऊ लागली आहे. आजोबांच्या पेल्यात आणि हिच्यात फरक एवढाच, की आजोबांना ती गाय नावाने ठाऊक होती, आणि धार काढल्यापासून ओठाशी येईपर्यंत दोन मिनिटे लागत. ही बाटली रात्रभर प्रवास करून येते, आणि तीत किती गाईंचे दूध एकत्र झाले आहे हे आणून देणाऱ्या मुलासही सांगता येणार नाही.

इटलीत निरसे दूध देणारी यंत्रे चौकाचौकात बसली होती. नाणे टाकावे, बाटली भरावी. मुले आजारी पडल्यावर तेथील सरकारने २००८ च्या अखेरीस ती यंत्रे बंद केली नाहीत की कोणास पकडले नाही. यंत्रावर एक पाटी लावायला सांगितली: हे दूध उकळूनच प्यावे. आपल्या दारातल्या बाटलीवर एवढ्या चार शब्दांस जागा आहे.